‘मागे’ म्हणजे नक्की कुठे? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

बाई, नमस्कार.

तुम्ही नाव न लिहिता ‘एक निवृत्त बालवाडी शिक्षिका’ एवढीच सही केलीत, म्हणून बाईच म्हणते. प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे आणि तिच्याखाली काही जणांनी ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणून दुजोराही दिलाय. त्या चिमुकल्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहायला घेतलं.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मी लिहिलं होतं की वर, खाली, आत, मागे, मधून, पलीकडे असे जागा सांगणारे शब्द तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या तोंडी रुळायला चित्रगोष्टींची फार मदत होते. त्यावर बाई म्हणतात की हे शब्द शिकवावे लागतच नाहीत. मूल माठावरचं झाकण काढतं, पलंगाखाली शिरतं, अंगणातून पळतं आणि आपोआप शिकतं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी मुलांना कुरणात शिकवलं, पुस्तकात कोंबलं नाही. दुसरं असं की चित्र सपाट असतं, त्यात ‘मागे’ दिसणार कसं? पानाच्या वरच्या भागात काढलेलं झाड वर आहे की लांब आहे, हे मुलाने कसं ओळखायचं? तिसरं, गोष्ट मध्येच थांबवून ‘मांजर कुठे आहे?’ विचारणं म्हणजे गोष्टीची तोंडी परीक्षा करणं. शिवाय मी एका इंग्रजी पुस्तकातल्या कोंबडीचं उदाहरण दिलं होतं, त्यावर ‘उदाहरणाला एक इंग्रजी कोंबडीच सापडली का?’ असा चिमटा. आणि जाता जाता, ‘मग डावं-उजवं कुठल्या गोष्टीतून शिकवणार?’

परीक्षेचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे आपलं भांडण नाहीच. खोकं आणि चेंडूचा तो तक्ता तुम्ही आयुष्यभर पाहिला असेल. चेंडू खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली, खोक्यामागे. त्या चेंडूला खोक्यात जाऊन काय मिळतं? काही नाही. तो कोणी लपवलाय, कोणाला सापडत नाहीये, असंही काही नाही. खाली ‘योग्य चित्राला गोल करा’ आणि विषय संपला. चेंडूच्या जागी मांजर बसवलं, त्याला एक गोंडस नाव दिलं आणि पानं शिवली म्हणून त्या तक्त्याची गोष्ट होत नाही. अशी पुस्तकं बाजारात ढिगाने मिळतात. मी घेत नाही, कोणाला घ्यायला सांगतही नाही.

पण ‘मांजर कुठे आहे?’ हा प्रश्न नेमका का फसतो ते बघण्यासारखं आहे. विचारणारीला मांजर दिसतंय, मुलाला दिसतंय आणि दोघांना दिसतंय हेही दोघांना ठाऊक आहे. मग मूल पानावर बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘हे काय!’ त्याचं उत्तर बरोबर आहे. शब्दाची त्याला गरजच पडली नाही. आता तेच पुस्तक मुलाच्या मांडीवर द्या आणि गावाकडच्या आजोबांना फोन लावून द्या. आजोबा विचारतात, ‘उंदीर पिंपात शिरला का रे?’ ‘नाही.’ ‘मग पिंपावर बसलाय?’ ‘नाही हो आजोबा, पिंपाच्या मागे! नुसती शेपटी दिसतेय.’ फोनवर बोट चालत नाही, तिथे ‘मागे’ बाहेर पडला. ‘उंदीर कुठे आहे?’ हाच प्रश्न आजोबांनी विचारला की खरा होतो, कारण त्यांना खरंच दिसत नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जागेचा शब्द मुलाला तेव्हा लागतो, जेव्हा बोटाने भागत नाही आणि त्या जागेवर काहीतरी अडलेलं असतं. चांगल्या चित्रगोष्टीत या दोन्ही गोष्टी एकदम जुळून येतात. ‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळातसुद्धा येतात. पत्र कोणाच्या पाठीमागे पडलंय हे ज्याला कळत नाही तो गेला! तो खेळ मी पुस्तकाच्या जागी आनंदाने घेईन.

आता घराचा मुद्दा. घरात मूल शिकतं, यात वाद नाही. पण घर पुष्कळदा शब्दावाचून काम भागवतं. सकाळच्या घाईत आपण मुलांशी काय बोलतो ते एकदा ऐका: ‘ते तिथलं घे. अरे तिथे नाही, इकडे. हां, ठेव आता त्याच्यात.’ बोट, नजर, हनुवटी सगळं दाखवत असतं. मूल बरोबर वागतं म्हणून आपल्याला वाटतं, शब्द कळला. इव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये लिहिलेला एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. अगदी लहान मुलांना वस्तू आत, वर किंवा खाली ठेवायला सांगितल्या. समोर पोकळ भांड्यासारखं काही असेल तर सर्वांत लहान मुलं वस्तू सरळ आत टाकत, सपाट काही असेल तर वर ठेवत. सांगणाऱ्याने कुठलाही शब्द वापरला तरी. म्हणजे ‘आत ठेव’ म्हटल्यावर बरोबर यायचं, पण ते भांड्यामुळे. घरी करून बघण्यासारखं आहे. दोन वर्षांच्या नातवंडाला ‘चमचा वाटीखाली ठेव’ म्हणा, बोट न दाखवता, वाटीकडे न बघता. चमचा बहुधा वाटीत जाईल आणि वर टाळ्यांची अपेक्षा असेल.

ताराबाईंचं नाव घेतलंत ते योग्यच. त्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, पुढे कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात गेली. ते काम पुस्तकाविरुद्धची चळवळ होती असं मात्र मला वाटत नाही. गोष्टी आणि गाणी हा तर आपल्या बालवाडीचा कणा. कुरणातलं झाड आणि गोष्टीतलं झाड यांत मुलाने एकच निवडायचं, अशी सक्ती कोणी केली?

मराठीपुरतं आणखी एक. ‘मागे’ हा शब्द तक्त्यावर सुटा लिहिता येतो, बोलताना तो पुष्कळदा नामाला चिकटून येतो. आणि तेव्हा त्या नामाचं रूपच बदलतो. पोतं असतं, पण पोत्यामागे. घोडा, पण घोड्यावर. पाणी, पण पाण्यात. तीन वर्षांचं मूल ‘पाणीत’ म्हणतं, ‘घोडावर’ म्हणतं, आणि परदेशात वाढणारी आपली मुलं तर मोठी झाली तरी ‘टेबल खाली’ म्हणत राहतात, कारण त्यांना हे शब्द पुरेशा वेळा, पुरेशा नामांना चिकटलेले ऐकायला मिळत नाहीत. गोष्टीत तेच वाक्य पानोपानी परत येतं. पिंपामागे पाहिलं, पोत्यामागे पाहिलं, दारामागे पाहिलं. व्याकरण न सांगता कानात बसतं.

कोंबडीबद्दल. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ हे १९६८ सालचं पुस्तक आहे. संपूर्ण पुस्तकात एकच वाक्य, बत्तीस शब्दांचं. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते: अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून, आणि जेवायच्या वेळेला घरी. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर एक कोल्हा आहे आणि त्याचा मजकुरात एका अक्षराने उल्लेख नाही. तो दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा तोंडावर बसतो, तळ्यात पडतो, गंजीत गाडला जातो, गिरणीपाशी पिठाचं पोतं अंगावर घेतो. कोंबडीला शेवटपर्यंत पत्ता नाही. वाचणारी ‘कोंबडी तळ्याला वळसा घालून गेली’ म्हणते आणि मुलं बसल्या जागेवरून ओरडतात, ‘अहो मागे! मागे कोल्हा आहे! तिला सांगा ना!’ मी या मुलांना काहीही विचारलेलं नसतं. पुस्तकाने एक अत्यंत महत्त्वाची जागा न सांगता सोडून दिलेली असते आणि ती सांगितल्याशिवाय मुलांना राहवत नाही.

(एकदा मी वाचता वाचता ‘गिरणीवरून गेली’ म्हटलं, आपण ‘शाळेवरून गेलो’ म्हणतो तसं. एका मुलाने तातडीने विचारलं, ‘उडाली?’ आदल्याच पानावर ती गंजीवरून चढून गेली होती, त्यामुळे त्याची शंका रास्तच. तेव्हापासून ‘गिरणीजवळून’ वाचते.)

पण हे करायला परदेशी कोंबडीच पाहिजे असं अजिबात नाही. आपली म्हातारी आहे की. लेकीकडे जाऊन, तूप-रोटी खाऊन, लठ्ठ होऊन परतणारी. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही गोष्ट सगळीच्या सगळी ‘आत’ या एका शब्दावर उभी आहे. म्हातारी आत आहे हे मुलांना माहीत, वाघाला नाही. तिचा जीव त्या ‘आत’वर टांगलेला आहे. आता चित्रकाराची खरी कसोटी कुठे लागते बघा. पुष्कळ चित्रांत भोपळ्याला खिडकी काढलेली असते आणि म्हातारी त्यातून हसत बघत असते. दिसायला गोड, पण मग मुलं विचारतात, ‘वाघाला दिसत नाही का ती?’ आणि त्याला उत्तर नाही. काही चित्रांत भोपळा कलिंगडासारखा कापून आतली म्हातारी दाखवतात. हे जरा बरं, तरी बोट पुन्हा कामाला येतं. मला सगळ्यांत पटतं ते असं: एका पानावर म्हातारी भोपळ्यात शिरताना, एक पाय अजून बाहेर, पान उलटलं की नुसता बंद भोपळा आणि समोर वाघ. म्हातारी चित्रात नाहीच. दाखवायला बोटाला जागा नाही.

या पानाशी मुलं काय करतात ते बसून पाहण्यासारखं असतं. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी सतरंजीवर बसणाऱ्यांत एक साडेतीन वर्षांची मुलगी आहे, एरवी तोंडातून शब्द निघणार नाही. वाघाने ‘म्हातारीला पाहिलंस का?’ विचारल्यावर ती गुडघ्यांवर सरकत माझ्यापर्यंत आली आणि कानात म्हणाली, ‘ती आत आहे. त्याला सांगू नको.’ मग शंका आली म्हणून वाघाच्या चित्रावर तळहात ठेवला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. खोका-चेंडूच्या तक्त्यासमोर या मुलीने ‘आत’ म्हटलं असतंच, नाही असं नाही. पण तिथे तिला वाघापासून काही लपवायचं नसतं.

आणि चिऊ-काऊ? एक दाराच्या आत, दुसरा बाहेर पावसात. दार उघडायचंच नाही म्हणून तर चिऊताई बाळाची आंघोळ, काजळ, पावडर अशी एकेक सबब पुढे करते. आपल्या गोष्टींमध्ये जागांची नुसती रेलचेल आहे. मी इंग्रजी पुस्तकाचं उदाहरण दिलं ते त्यात शब्द आणि चित्र यांच्यात केलेली वाटणी फार चोख आहे म्हणून. चित्रं एकामागून एक समोर धरून गोष्ट सांगणं हे काही साहेबाकडून आलेलं नाही. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, हाताने रंगवलेली चित्रं पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गायच्या. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता चित्राच्या सपाटपणाकडे येते. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा, आणि दुजोरा देणाऱ्यांपैकी एकानेही त्याला हात लावला नाही.

चित्रात ‘मागे’ दिसत नाही हे खरं. दिसतं ते अर्धवट झाकलेलं काहीतरी. पिंपाच्या कडेने बाहेर आलेली शेपटी, गंजीवर दिसणारे दोन कान. उरलेला उंदीर मुलाला स्वतः पूर्ण करावा लागतो. हे लहानांना सहज येत नाही. काहींना तर शेपटी पिंपालाच आलीय असं वाटतं. एकदा एका मुलाने गंजीमागचा कोल्हा बघायला सरळ पान उचलून पाठीमागे पाहिलं. तिथे पुढचं चित्र होतं, त्यामुळे त्याची फार निराशा झाली. पण त्याने शोध बरोबर दिशेला घेतला, हे मान्य करा! अशा मुलांसाठी झडप उघडायची पुस्तकं उत्तम. कागदाची झडप उचलली की खरोखरच मागे कोणीतरी असतं. विकत घ्यायची तर महाग पडतात आणि झडपा आठवड्याभरात फाटतात. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिका घ्या. कागद जाड असतो. दार, पिंप, गादी, टोपली असे आकार कापायचे, साध्या चित्रावर एका कडेला चिकटपट्टीने लावायचे. मागे कोण लपवायचं ते मुलांनाच काढू द्यायचं.

पानाच्या वरच्या भागातलं झाड वर की लांब, ही अडचण मात्र झडपेने सुटत नाही. लांबचं वर आणि लहान काढायचं हा मोठ्या माणसांनी चित्रापुरता केलेला करार आहे, मुलाला तो कोणी सांगितलेला नसतो. तुमच्या कोसबाडच्याच बाजूची वारली चित्रं आठवा. झाडं, माणसं, गुरं, घरं सगळ्या भिंतीभर पसरलेली. पुढचं मोठं आणि लांबचं लहान अशी भानगडच नाही. तशा चित्रासमोर ‘डोंगर घराच्या वर आहे’ म्हणणाऱ्या मुलाला चूक कोण ठरवणार? म्हणून चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मी एकाच जमिनीच्या रेघेवर सगळं उभं असलेली चित्रं निवडते आणि दऱ्याखोऱ्यांची देखणी दृश्यं पहिलीतल्यांसाठी ठेवते.

आणि आता त्या ‘मागे’कडेच, कारण बाई, इथे चित्र सपाट असणं हा निम्माच त्रास आहे. उरलेला त्रास आपल्या शब्दात आहे.

ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन या संशोधकांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चारही भाषांत साधारण एकच क्रम सापडला: आत, वर, खाली, शेजारी आधी, दोन वस्तूंच्या मधलं नंतर, पुढे-मागे उशिरा. त्यातही ज्या वस्तूला स्वतःचं तोंड आणि पाठ असते तिच्या पुढचं-मागचं आधी समजतं, जिला नसते तिचं सगळ्यात शेवटी. कारण उघड आहे. बसचं तोंड बसला असतं. झाडाचं तोंड कुठे आहे हे मी कुठे उभी आहे त्यावर ठरतं. मोठ्यांचाही इथे घोळ होतो. रिक्षावाल्याला ‘देवळाच्या पुढे थांबवा’ म्हणून बघा. एखादा देवळाच्या दारासमोर थांबेल, दुसरा देऊळ ओलांडून चार घरं पलीकडे नेईल, आणि दोघंही बरोबर असतील.

चित्रात हा घोळ कसा होतो त्याचा एक नमुना सांगते. पानावर बाजूने काढलेला बैल. त्याच्या पलीकडे उभं वासरू, अर्धं झाकलेलं, पाय आणि कान तेवढे दिसतायत. शेपटीच्या बाजूला जमिनीवर बसलेला कावळा. आता बैलाच्या मागे कोण? अर्धी मुलं म्हणतात वासरू, अर्धी म्हणतात कावळा. शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत उत्तर एकच छापलेलं असतं आणि निम्म्या वर्गाला फुली मिळते. वास्तविक दोन्ही गट शहाणे आहेत. एकाने बैलाची पाठ धरली, दुसऱ्याने स्वतःची नजर धरली. मी इथे वाद लावून देते आणि मध्ये पडत नाही. कोणीतरी उठून बैल होतं, कोणी वासरू होतं, आणि सतरंजीवर उभं राहिल्यावर मुलांचं त्यांनाच उमगायला लागतं.

आणि मग त्यांना आपण पुरेसे शब्द देतो का? शाळेच्या यादीत ‘मागे’ असतं, संपलं. मराठीत मात्र वासरू बैलाच्या आड असतं. चंद्र ढगाआड जातो, सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकतात, चोर झाडाआड लपतो. जे झाकलं गेलंय त्यासाठी ‘आड’, ओलांडून गेल्यावर जे येतं त्यासाठी ‘पलीकडे’, तोंडाशी तोंड असेल तर ‘समोर’, आणि शेपटीच्या बाजूचा कावळा खुशाल ‘मागे’. हे शब्द वापरले की बैलाच्या पानावरचं अर्धं भांडण मिटतं. तुमच्या पिढीच्या बोलण्यात ‘आड’ आणि ‘अलीकडे’ सारखे येतात. आमच्या पिढीच्या पालकांच्या बोलण्यातून ते निसटत चाललेत आणि सगळा भार एकट्या ‘मागे’वर पडतोय. तेव्हा नातवंडांना गोष्ट सांगाल तेव्हा कोल्हा गंजीआड लपवा.

राहिलं डावं-उजवं. ते मी कुठल्याच गोष्टीतून शिकवणार नाही, निदान बालवाडीत नाही. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं आणि ‘उजवीकडे ससा आहे’ म्हटलं, तर उजवीकडे म्हणजे माझ्या, मुलांच्या की पुस्तकातल्या मुलीच्या? स्वतःचा उजवा हात कोणता हे खात्रीने सांगायलाच मुलांना सहा-सात वर्षं लागतात, समोरच्याचा उजवा हात त्याच्याही पुढची पायरी. तोवर जेवायचा हात आणि दुसरा हात एवढं पुरे. जी मुलं डाव्या हाताने जेवतात त्यांना त्याच हाताने जेवू द्यावं, आणि त्यांच्या आज्यांशी मी यावर वेगळं भांडायला तयार आहे.